दोन मिन्टं लावतो भाऊ

वऱ्हाडात वेळ मोजायची दोन मापं आहेत. एक ‘हे आलोच’ आणि दुसरं ‘दोन मिन्टं’. ‘हे आलोच’ म्हणून गेलेला माणूस दिवस मावळेपर्यंत येईल याची खात्री नाही. ‘दोन मिन्टं’ म्हणून दुकानापुढं फटफटी आडवी लावून गेलेला मात्र नक्की येतो, कारण गाडी तिथंच असते. कधी येतो, हा प्रश्न वेगळा.

संग्रामपूर हे आमच्या बुलढाणा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. टुनकी, सोनाळा, पातुर्डा, वरवट बकाल अशी चहूकडची माणसं कामाधामाला इथं येतात आणि प्रत्येक जण दोनच मिनिटांसाठी येतो. एकदा मी मुद्दाम घड्याळ लावून बसलो. माझ्या दाराच्या बरोब्बर मधोमध गाडी लावून एक गृहस्थ म्हणाले, “दोन मिन्टं लावतो भाऊ.” मी मान हलवली. मान हलवली नाही तरी गाडी लागतेच; पण हलवली की निदान संबंध टिकतात. गृहस्थ सातबारा काढायला गेले. सातबाराची झेरॉक्स काढायला गेले. झेरॉक्सच्या दुकानात साडू भेटला, म्हणून चहाला गेले. चहावर संत्र्याचा विषय निघाला, तो कपाशीवर आला, कपाशीवरून फवारणीच्या पंपावर आला आणि पंपाचा वायसर घ्यायचा राहिलाय हे आठवलं, म्हणून ते वायसर आणायला गेले. एक तास चाळीस मिनिटांनी परतले तेव्हा मला म्हणाले, “गाडी हालवली तं नाई ना कोनं? लॉक नव्हतं केलं. तुमच्या भरवशावर होती.”

म्हणजे दार माझं, अडलेलो मी आणि राखणदारही मीच.

बैलगाडीच्या काळी हा प्रश्न नव्हता. गाडी सोडली, जू खाली टेकवलं, बैल निंबाला बांधले, पुढ्यात कडबा टाकला की झालं. मालक नजरेआड गेला तरी बैलांना तो कुठं गेला ते ठाऊक असे, आणि फार उशीर झाला तर ते हंबरून गावाला कळवत. उन्हाळ्याच्या रात्री आम्ही बाजा रस्त्यावर टाकून झोपत असू आणि गाड्या आवारात असत. आता बाजा आत गेल्या, गाड्या बाहेर आल्या आणि रस्ता होता तेवढाच राहिला. राज्याच्या २०२० च्या विकास नियंत्रण नियमावलीत एका दुचाकीला १ मीटर बाय २ मीटर जागा धरली आहे. माप घेऊन पाहा, बरोबर एक बाज बसते. म्हणजे सरकारनं हिशेब नीट केलाय. फक्त ती बाज कोणाच्या दारात टाकायची ते सांगितलेलं नाही.

मग दहाएक वर्षांपूर्वी राज्य सरकारनं ठरवलं की तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायती आता नगरपंचायती होणार. आम्ही रात्री गावात झोपलो आणि सकाळी शहरात उठलो. अंथरूण तेच, ढेकूण तेच. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आले, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आले, वॉर्डाचा प्रभाग झाला आणि सतरा प्रभागांतून सतरा नगरसेवक निवडून आले. जो कायदा लागू झाला त्याचं नाव ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’. आमच्या भागातली औद्योगिक नगरी म्हणजे पिठाची गिरणी. पण नाव भारदस्त आहे. आणि शहर म्हटलं की शहराचा आजारही हवा. तसा तो आला. त्याला पार्किंगची समस्या म्हणतात.

हा आजार बरा करणाऱ्या एका सभेला मी प्रेक्षक म्हणून बसलो. कोणत्या गावची ते विचारू नका. घाटाखालच्या चार-सहा गावांच्या सभांचं हे कडबोळं आहे. वाचताना ओळख पटलीच तर ती शेजारच्या गावची सभा समजावी. मी तेच करतो.

विषयपत्रिकेवर पहिला विषय होता मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. नवव्या क्रमांकावर होतं, ‘मुख्य रस्त्यावर अस्ताव्यस्त उभ्या राहणाऱ्या वाहनांबाबत विचारविनिमय करून निर्णय घेणेबाबत.’ एका वाक्यात दोनदा ‘बाबत’. ‘बाबत’ हा स्थानिक स्वराज्याचा मुख्य खांब आहे. ज्या कामाला ‘बाबत’ लागतं ते काम होत नाही, त्याबाबत होतं.

चर्चेला तोंड फुटलं ते रस्ता कोणाचा यावर. मुख्याधिकारी साहेब समजावून सांगू लागले. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा. त्याच्या कडेची नाली नगरपंचायतीची. नालीकाठचा खांब महावितरणचा. खांबावरचा दिवा पुन्हा नगरपंचायतीचा. खांबाला टेकवलेली गाडी आरटीओच्या नोंदीतली. गाडीवाला पोलिसांच्या अखत्यारीतला. गाडीच्या सावलीत बसलेला गोऱ्हा कोणाचाच नाही.

“मंग आपलं काय हाये साहेब?” एका भाऊंनी विचारलं.

“आपलं धोरण,” साहेब म्हणाले.

यावर एक दादा उठले. त्यांचं पाण्याच्या टाक्यांचं आणि पाइपांचं दुकान आहे. “माह्या दुकानापुढं रोज दहा गाड्या रायतात. गिऱ्हाईक आत कसं येईन?” समोरच्या बाकावरून कोणीतरी म्हटलं, “दादा, पयल्या तुमच्या टाक्या आत घ्या नं. रस्त्यावर पाच टाक्या उभ्या हायेत.” दादा शांतपणे म्हणाले, “गाडी लावतात. टाकी ठेवतात. ठेवलेल्या वस्तूले पार्किंग म्हनत नाईत.” मराठी भाषेच्या या बारकाव्यापुढं सभागृह निरुत्तर झालं. त्या दहा गाड्यांपैकी दोन दादांच्या स्वतःच्या, तीन नोकरांच्या आणि एक जावयाची, ही माहिती मला खाली चहाच्या टपरीवर मिळाली. इतिवृत्तात ती नाही.

नेमकं तेव्हा पुण्यात शिकून आलेले तरुण नगरसेवक उभे राहिले. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला: पी-१, पी-२ च्या पाट्या. विषम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला गाड्या लावायच्या, सम तारखेला दुसऱ्या बाजूला. खर्च फक्त पाट्यांचा. सभागृह खूश झालं. सूचक मिळाले, अनुमोदक मिळाले, पेन कागदाला टेकणार तोच किराणा दुकानवाले शेटजी उभे राहिले. शेटजी स्वीकृत सदस्य आहेत. त्यांनी खिशातून कॅलेंडर काढलं.

“माह्या बाजूले कोनती तारीख?”

“विषम.”

“मंग मले सांगा, एकतीस तारीख विषम. दुसऱ्या दिवशी एक तारीख, थेही विषम. म्हनजे लागोपाठ दोन दिवस गाड्या माह्याच दारात?”

सगळे कॅलेंडरात डोकावले. शेटजींचं बरोबर होतं. एकतीस दिवसांचे महिने वर्षात सात. लीप वर्षात २९ फेब्रुवारी आणि १ मार्च, ही आठवी जोडी. शेटजींनी रात्रीच सगळं वर्ष मांडून ठेवलं होतं: साध्या वर्षात विषम तारखा १८६, सम तारखा १७९. “सात दिवस जास्त कोन सोसायचे? अन् एक तारीख म्हनजे पगाराची तारीख. महिन्याचं सामान भरायले लोक त्याच दिवशी येतात. नेमक्या त्या दिवशी माह्या दारात गाड्यायची भिंत, अन् समोरच्याचं दार मोकळं! हे काही जमत नाई.”

समोरच्या बाजूचे दुकानदार म्हणाले की तुमच्याकडं सात दिवस गाड्या जास्त लागतील म्हणजे गिऱ्हाईकही सात दिवस जास्त उतरेल, तेव्हा नुकसान आमचं आहे, भरपाई आम्हाला द्या. अर्धा तास दोन्ही बाजू एकाच आकड्यावरून उलट्या दिशेनं रडल्या. वाहतूक कोंडीची व्याख्या मला त्या दिवशी कळली.

शेवटी एका ज्येष्ठ सदस्यांनी तोडगा काढला. ते म्हणाले, “तारीख पाह्यतेच कोन? आपल्या इकडे मानूस तिथी पाह्यते. आज एकादशी हाये हे पोराले मालूम असते, आज बावीस हाये का तेवीस हे मास्तराले मालूम नसते. मंग तिथीवरच ठेवा नं! शुद्ध पक्षात उजवी बाजू, वद्य पक्षात डावी. पंधरा दिवस इकडं, पंधरा दिवस तिकडं. पक्ष बदलला की बाजू बदलायची.”

शेवटच्या वाक्याला सगळ्या सभागृहानं एकाच सदस्याकडं पाहिलं. त्या सदस्यांनी छताच्या पंख्याकडं पाहिलं. पंखा बंद होता.

या तोडग्यात काही अडचणी निघाल्या. क्षयतिथीला गाडी कुठं लावायची? अधिक मासात हाच नियम धरायचा की धोंड्याच्या महिन्याला जावयाला सूट द्यायची? अभियंता म्हणाले, अधिसूचनेत ‘शुद्ध’ आणि ‘वद्य’ लिहिता येत नाही. ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “मंग अधिसूचनाच शुद्ध नाई.” सभा दहा मिनिटांसाठी तहकूब झाली. चहा आला. चहाबाबत कोणाचा आक्षेप नव्हता.

चहानंतर तरुण नगरसेवकांनी मोठ्या शहरांचे दाखले दिले. मुंबईत २०१९ च्या जुलैत महापालिकेनं वाहनतळाजवळ रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांना पाच हजारांपासून तेवीस हजारांपर्यंत दंड लावला. आकडा ऐकून एक भाऊ म्हणाले, “तेवढ्यात तं माही अख्खी फटफटी येते. दंड भरन्यापेक्षा गाडीच सोडून देईन.” पुण्यात २०१८ साली महापालिकेनं पार्किंगचं धोरण मंजूर केलं, ते आधी साऱ्या शहराला लागू होणार होतं, गदारोळ झाल्यावर प्रयोग म्हणून पाच रस्त्यांवर आलं आणि ते पाच रस्तेही वर्षानुवर्षं वाट पाहत राहिले. हे ऐकून सभागृहाला हायसं वाटलं. पुण्याला जमलं नाही ते आपल्यालाही जमत नाही, यात एक वेगळाच दिलासा असतो.

खरी मेख पुढंच होती. मुख्याधिकाऱ्यांनी कायद्याचं पुस्तक उघडलं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११७. गाड्या कुठं उभ्या करायच्या ते राज्य सरकार किंवा सरकारनं अधिकार दिलेला अधिकारी ठरवतो, आणि ठरवताना स्थानिक संस्थेचा सल्ला घेतो. म्हणजे या लग्नात नगरपंचायत नवरीच्या मामाच्या जागी आहे. विचारतात तिलाही, अंतरपाटही तिलाच धरायला लावतात. सोयरीक मात्र दुसरीकडं जुळलेली असते. तेव्हा इथं ठराव करायचा, तो पोलिसांकडं जाणार, अभिप्राय होणार आणि अधिसूचना बुलढाण्याहून निघणार.

आमच्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा घाटावर. आम्ही घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा इकडचा कोणताही कागद जिल्ह्याला जायचा तर त्याला राजूरचा किंवा बोथ्याचा घाट चढावा लागतो. एसटी चढते, दूध चढतं, मंत्री चढतात. फाइलला मात्र चढ लागला की दम लागतो. ती मधल्या वळणावर थांबते आणि पाठपुरावा करणाऱ्याला म्हणते, दोन मिन्टं लावतो भाऊ.

एवढी दमछाक झाल्यावर अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचे विषय आले. पहिलाच विषय गतिरोधकांचा. प्रभाग चारमधल्या सदस्यांना दारासमोर एक हवा होता. त्यांना मिळतो म्हटल्यावर पाचला हवा, पाचला म्हटल्यावर सहाला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, गोलसर. आमच्याकडचा गतिरोधक रस्त्याखाली कोणी म्हैस आडवी पुरल्यासारखा असतो. त्यावरून एकदा गेलं की मणके आपापल्या जागी आहेत का ते मोजून घ्यावं लागतं. पण सतरा प्रभाग, सतरा गतिरोधक, हा ठराव सव्वा मिनिटात एकमतानं मंजूर झाला. सत्ताधारी, विरोधक, अपक्ष, सगळ्यांचा हात वर. लोकांना थांबवायच्या कामात आमच्यात मतभेद नाहीत.

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेल्या एक नगरसेविका बोलल्या. “गाड्यायचं झालं. आता मले येवढंच सांगा, लेकरं शाळेत जातात, म्हाताऱ्या देवळात जातात. त्याईनं कोनत्या तारखेले कोनत्या बाजूनं चालायचं?”

सभागृह शांत झालं. इतिवृत्तात नोंद झाली, ‘सन्माननीय सदस्यांच्या सूचनेची नोंद घेण्यात आली.’ नोंदीचीही एक बाज असते. सूचना तिच्यावर आडवी झाली की सहसा उठत नाही.

विषय क्रमांक नऊ अखेर असा मंजूर झाला: वाहनांबाबत सविस्तर प्रस्ताव वरिष्ठांकडे पाठवावा, तोपर्यंत मुख्य रस्त्यावरील पथविक्रेत्यांचे अतिक्रमण हटवून रस्ता मोकळा करावा. सगळ्या ठरावात ताबडतोब करता येण्यासारखं एवढंच काम होतं. कारण टाकीला दुकान असतं, गाडीला मालक असतो, मालकाला ओळखी असतात, आणि भाजीच्या टोपलीला फक्त एक बाई असते.

मी बाहेर आलो. ती बाई समोरच बसली होती. चार हात जागा, खाली गोणपाट, त्यावर मेथी, सांबार (म्हणजे कोथिंबीर), वांगी, शेजारी पाण्याची बादली. गंमत अशी की साऱ्या मुख्य रस्त्यावर गाड्यांची गर्दी, आणि तिच्या दोन्ही अंगांना पायी माणसाला जायला सरळ वाट. मी टपरीवर चहा सांगितला आणि पाहत बसलो.

एक पोरगा आला आणि गाडी तिच्या वांग्यांच्या तोंडाशी लावू लागला. बाई ओरडली नाही. भाजीवर पाणी शिंपडत होती, तसंच दोन ओंजळी गाडीच्या सीटवर शिंपडलं आणि विचारलं, “कोनाचा रे बापा तू?” पोरगा गडबडला. तिनं चेहरा निरखला. “टुनकीच्या पाटलाचा नातू नं? तुह्या आजीचं गुडघ्याचं काय झालं?” एमएच २८ चा नंबर वाचून आरटीओला जेवढं कळतं त्याहून जास्त तिला नुसतं नाक पाहून कळतं. पोरानं गाडी मुकाट्यानं देवळामागच्या मोकळ्या जागेत नेली. दुसरे एक काका आले. “दोन मिन्टं लावतो बाई.” ती म्हणाली, “लाव. मी मोजून रायली.” काका दुकानात शिरले आणि खरोखर दोन मिनिटांत बाहेर आले, कारण बाई खरंच मोठ्यानं मोजत होती. सत्तरपर्यंत मी ऐकलं. मधेच एसटी आली तेव्हा तिनं बसल्या जागेवरून नुसता हात वर केला आणि तीन फटफट्या सरकल्या. पाटी नाही, पट्टा नाही, सम नाही, विषम नाही, अधिसूचना नाही. दुपारपर्यंत रस्ता चालू होता.

आणि आम्ही रस्ता मोकळा करायला तिला उठवणार होतो.

आता यातली खरी गंमत सांगतो. पथविक्रेत्यांसाठी संसदेनं २०१४ साली कायदा केला. त्यात लिहिलंय की आधी सर्वेक्षण करा, विक्रेत्यांना प्रमाणपत्रं द्या. ते पुरं होईपर्यंत कोणाला उठवता येणार नाही. रस्त्यावर कोण कुठं बसणार ते ठरवायला प्रत्येक नगरपंचायतीत नगर पथविक्रेता समिती असावी लागते. मुख्याधिकारी तिचे अध्यक्ष, आणि वाहतूक पोलीसही तिच्यात बसतात. या समितीत शंभरातले किमान चाळीस सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले हवेत आणि त्या चाळिसांतला तिसरा हिस्सा बायांचा हवा.

म्हणजे रस्त्यावर कोण बसणार हा विषय निघेल त्या टेबलाशी, मुख्याधिकाऱ्यांच्या शेजारी आणि वाहतूक पोलिसांच्या समोर, गोणपाटावरच्या बाईची खुर्ची कायद्यानं २०१४ पासून मांडून ठेवली आहे. तिच्यावर दोन मिन्टांसाठी जे कोणी टेकले असतील, त्यांनी आता उठावं. बाई मोजून रायली.